आबांची वाहवा

राजेश्वरी शिर्केला मत्सरी कोणी म्हटलं नसतं. बडोद्यात गोरव्याच्या तिच्या सोसायटीत कोणाकडे दुःखद प्रसंग झाला की पहिला पिठलं-भाताचा डबा तिच्या घरून जायचा. कोणाची मुलगी गणितात अडली की तिला घेऊन बसायची ती राजेश्वरीच. समोरच्यांनी मोठी गाडी घेतली, वरच्यांचा मुलगा कॅनडाला गेला, खालच्यांनी सुनेला सोन्याचे तोडे केले, तेव्हा तिने मनापासून पेढे खाल्ले. त्या कशाचं तिला काही वाटलं नाही. तिला हेवा वाटायचा तो फक्त एकाच बाईचा, आणि त्या बाईकडे हेवा करण्यासारखं काहीही नव्हतं. म्हणून तर तो इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही.

ती बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ मोहना.

मोहना जुन्या शहरात, वाडी भागात राहायची, एका पोळात म्हणजे गल्लीत, खाली एक खोली आणि वर एक खोली अशा अरुंद घरात. नवरा पीयूष दहेजला केमिकल कंपनीत. आठवडाभर तिकडेच, शनिवारी घरी. मुलगी लग्न होऊन नडियादला गेलेली. मोहनाच्या घरात दूध रोज उतू जायचं. डब्यांना झाकणं दुसऱ्याच डब्यांची. वरण आज पातळ तर उद्या गोळा. राजेश्वरी तिच्याकडे जाऊन आली की घरी येऊन आपले हात धुवायची, आणि मग उदयसिंहला, म्हणजे नवऱ्याला, सांगायची, "ओट्यावर पसारा म्हणजे काय, पाय ठेवायला जागा नाही!"

"ओट्यावर पाय कशाला ठेवायचा?" उदयसिंह विचारायचा.

"तुम्हाला तिचं सगळं गोडच वाटतं."

पण खुपायचं ते पसाऱ्यात नव्हतं. मोहनाला भाजीवालीने कोथिंबिरीची काडी वर टाकून दिली तर ती त्या काडीचा वास घेत घरभर फिरायची. हिवाळ्यात तिच्या वरच्या खोलीत सकाळी थोडा वेळ उन्हाचा एक पट्टा यायचा. ती त्या पट्ट्यात सतरंजी ओढायची आणि पट्टा सरकेल तशी सतरंजीही सरकवायची. फोन करून सांगायची, "वहिनी, काय ऊन आलंय माहितीये आज!" राजेश्वरीच्या फ्लॅटला दोन्ही बाजूंनी दिवसभर ऊन होतं. सोफ्याचं कापड विटू नये म्हणून ती पडदे ओढून घ्यायची. फोन ठेवल्यावर ती पडदा जरासा सरकवून बघायची. ऊन तर तेच होतं. मग हिला त्यात एवढं काय दिसतं?

बायको गेल्यावर राजेश्वरीचे सासरे मानसिंगराव, म्हणजे आबा, थोरल्या मुलाकडे राहायला आले. तसंच ठरलेलं होतं, आणि राजेश्वरीलाही ते हवं होतं. शाळेतून निवृत्त होऊन तिला थोडेच महिने झाले होते. रिकाम्या हातांना काम मिळालं. तिने आबांसाठी काय केलं नाही? पाठीला मऊ गादी. गुडघ्याला रोज तेल. साखर नाही, मीठ मोजून, तळलेलं बंद. थंडीत कानटोपी आणि मोजे. आबांना हातात काही घ्यावं लागू नये याची तिने इतकी काळजी घेतली की ते उठून पाण्याचा पेला घ्यायला निघाले की ती त्यांच्याआधी फिल्टरपाशी पोचलेली असायची. "बसा आबा, मी आहे ना."

आबा बसायचे. जेवण झालं की म्हणायचे, "बरं." चहा झाला की म्हणायचे, "बरं." राजेश्वरीला वाटायचं, वयाबरोबर माणूस अबोल होतो.

मग त्या हिवाळ्यात तिने आबांची बाथरूम नव्याने करायला काढली. गुळगुळीत लाद्या काढून खरखरीत लाद्या, भिंतीला धरायला दांड्या, बसून अंघोळ करायला उंच पाट. फोडाफोडीची धूळ आबांच्या छातीला बरी नाही, म्हणून काम होईपर्यंत आबांना मोहनाकडे पाठवायचं ठरलं. राजेश्वरीनेच ठरवलं. औषधांचा डबा, दोन कानटोप्या, गादीसुद्धा तिने गाडीत भरून दिली.

दुसऱ्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. आबा फोन करत नसत. कोणी लावून दिला तर बोलायचे.

"काय गं, कशी आहेस? आज मोहनाने बाजरीचा रोटला केला होता. वर लोण्याचा गोळा, आणि लसणीची चटणी. काय रोटला होता! वा!"

तो 'वा' राजेश्वरीने कितीतरी दिवसांनी ऐकला. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा आबा प्रत्येक गोष्टीला वाहवा देत असत, हे तिला आत्ता आठवलं. आंब्याला, पावाला, रेडिओवरच्या गाण्याला. ती कधीपासून बंद झाली, ते मात्र आठवेना.

"आबा, लोणी?" ती म्हणाली.

"थोडंच होतं," आबा म्हणाले, आणि घाईने फोन ठेवला.

त्यानंतर रोज फोन. आज पोळातल्या गाईला वासरू झालं, वा. आज ओटल्यावर उन्हात बसून दाढी केली, मोहनाने आरसा धरला, वा. आज लाल पेरू, आत गुलाबी, वर तिखट-मीठ. घराच्या दारासमोरच्या त्या दगडी ओटल्याचं तर ते असं वर्णन करायचे, की जणू तो काल कोणी खास त्यांच्यासाठी बांधून आणला होता. राजेश्वरी सगळं ऐकून घ्यायची. तिने बाजरीचं पीठ आणलं. गोरव्यात लाल पेरू मिळेना, तो तिने उदयसिंहला अलकापुरीपर्यंत पाठवून मागवला. आबा येतील तेव्हा सगळं तयार असायला हवं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी तिने उंधियू केला. सकाळपासून खपून, हिरवा लसूण निवडून, मेथीचे मुठिये वेगळे तळून, तेल बेताचं ठेवून. डबा उदयसिंहबरोबर वाडीला पाठवला. संध्याकाळी ती फोनजवळच बसून राहिली.

"मिळाला उंधियू," आबा म्हणाले. "आणि राजेश्वरी, मोहनाने तो काय गरम करून दिला! तव्यावर टाकून जरा खालून लागू दिला. त्या खरपूस वासाने तर, वा!"

राजेश्वरी फोन ठेवून उदयसिंहला म्हणाली, "ऐकलंत? गरम तिने केला."

"कोणीतरी करायलाच हवा होता."

"माझा उंधियू होता तो!"

"अगं, आवडला ना त्यांना? मग झालं तर. खूश आहेत ते तिकडे."

नवऱ्याने याहून वाईट काही म्हणणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी उदयसिंहला उंधियू दुसऱ्यांदा मिळाला नाही.

बाथरूम तयार झाली. राजेश्वरीने स्वतः त्या पाटावर बसून, दांडीला लोंबकळून सगळं तपासलं. फोन केला. आबा म्हणाले, "उत्तरायण होऊ दे. इथल्या गच्चीवरून पतंग काय दिसतात!" उत्तरायण झालं, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही झालं. फोन केला. आबा म्हणाले, "थंडी जरा उतरू दे." इकडे सोसायटीच्या बाकावर कोकिळाबेन विचारू लागल्या, "दादाजी देखाता नथी? नाना दीकराने त्यां गया?" धाकट्या मुलाकडे गेले का, एवढंच त्यांनी साधेपणाने विचारलं होतं. राजेश्वरीला वाटलं, सगळा बाक आपल्याकडे बघतोय.

लोकांचं सोडा. एका दुपारी ती आबांच्या खोलीत नुसतीच उभी होती. घडी न मोडलेली चादर, रिकामी खुर्ची. या माणसाने मला नापसंत केलं, असं तिच्या मनात आलं. आणि कोणासाठी? जिचं दूध रोज उतू जातं तिच्यासाठी.

"उद्या आणायला जायचं," तिने उदयसिंहला सांगितलं. "नाही म्हणाले तरी आणायचं."

सकाळी ती दोघं वाडीत पोचली. पोळात गाडी जात नाही. उदयसिंह तिला तोंडाशी उतरवून गाडी लावायला पुढे गेला. राजेश्वरी गल्लीतून चालत आली तेव्हा तिला आबा लांबूनच दिसले. ओटल्यावर, उन्हात, पायात मोजे नाहीत, कानटोपी मांडीवर. समोर तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, हिरव्या शेंगांचा ढीग. ते शेंगा सोलत होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत होते. एक बाई स्कूटर थांबवून म्हणाली, "शुं दादा, कचोरी क्यारे?" आबा म्हणाले, "आज! तू ये!"

"आबा, मोजे?" राजेश्वरी म्हणाली.

"अरे, आलीस? बस बस. शेंग बघ काय भरलीय!" त्यांनी एक शेंग तिच्यासमोर फोडून दाखवली. कोवळे दाणे टपटप खाली पडले. अर्धे ताटात, अर्धे सालांत.

राजेश्वरीने पाहिलं, ताटात सालं होती आणि सालांत दाणे. आबांची बोटं थरथरत होती आणि नजरही नीट नव्हती. हे काम होतं की कामाचा घोळ? तिच्या घरी तिने त्यांना हे कधी करूच दिलं नसतं. तेवढ्यात मोहना बाहेर आली, "वहिनी! या या!" म्हणाली, आणि बोलता बोलता सालांचा ढीग ओच्यात भरून आत घेऊन गेली. दारातून राजेश्वरीला आतलं दिसत होतं. चहाच्या आधणापाशी उभी राहून मोहना त्या सालांतून दाणे वेचून काढत होती. आबांना ते दिसत नव्हतं. मोहना गुणगुणत होती.

म्हणजे ही रोज दुप्पट काम करते, राजेश्वरीच्या मनात आलं. यालाही नाव ठेवता येईना, म्हणून तिला आणखीच राग आला.

चहा आला. आबांनी बशीत ओतून घेतला, फुर्र करून ओढला, डोळे मिटले.

"वा! आज आलं काय उतरलंय!"

"हो ना, आबा?" मोहना म्हणाली. "मी आत एक घोट चोरून घेतला. मला पण इतकी मजा आली! कसा जमला कोण जाणे."

"उद्या नाही जमायचा."

"उद्याचं उद्या! आज पिऊन घ्या."

दोघं अशी हसली, जणू बडोद्यात आजवर कोणी चहाच प्यायला नव्हता. राजेश्वरीने आपला कप तोंडाला लावला. साखर जास्त असणार, दूध करपलेलं असणार, याची तिला खात्री होती. चहा चांगला होता. फारच चांगला होता. तिने अर्ध्यावर कप खाली ठेवला.

"आबा, बाथरूम तयार आहे. आज घेऊन जायला आलोय तुम्हाला."

मोहनाचं हसू जागच्या जागी थांबलं. "मी जरा आत बघते," असं म्हणून ती उठून गेली.

आबा शेंग सोलत राहिले.

"काय कमी आहे तिकडे?" राजेश्वरीने विचारलं. आवाज वर गेला होता, तो तिला खाली आणता येईना. "सांगा ना. मी काय करायचं राहिलंय?"

"कमी काहीच नाही. तुझ्यासारखं कोण करणार?"

"मग?"

आबांनी शेंग ताटात ठेवली. सालासकट.

"तुझ्याकडे ना, बाई, छान म्हणायची सोय नाही."

"म्हणजे?"

"मी खीर छान झाली म्हणालो, तू म्हणालीस, दूध जास्त आटलं. मग पुढच्या घासाला मलाही जळकं लागायला लागलं. मी म्हणालो, साडी शोभते, तू म्हणालीस, जुनीच आहे, काठ उसवलाय. त्यानंतर मला तो काठच दिसायचा. एकदा गॅलरीत म्हणालो, चंद्र बघ. तू म्हणालीस, आबा, वारं लागेल, आत या."

"लागलंच होतं वारं! दुसऱ्या दिवशी खोकलात तुम्ही!"

"खोकलो ना. तू कधी चुकत नाहीस. म्हणून तर मी बोलायचं सोडलं." ते हसले, पण बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "माझ्याकडे आता कोणाला देण्यासारखं उरलंय काय? पेन्शन उदय बघतो, घर तू बघतेस. तोंडाने एक वा म्हणतो, तेवढंच. ते तू दारातूनच परत पाठवतेस. ही बघ, ही आधीच ताट घेऊन उभी असते."

राजेश्वरी उठली आणि आत गेली. कुठे जायचं ते ठरवलेलं नव्हतं. घरात जागाच तेवढी होती, म्हणून ती स्वयंपाकघरात पोचली. डोळे भरून आले होते आणि कान तापले होते. नागरवाड्यातल्या माहेरी तिची आई पाहुण्यांना श्रीखंड वाढायची आणि कोणी वाखाणलं की म्हणायची, "छे, आज चक्का आंबटच निघाला." वाखाणलेलं मुकाट्याने घेणारी बाई म्हणजे निर्लज्ज, असं त्या घरात समजत. राजेश्वरीने ते शिकून घेतलं होतं, इतर सगळं शिकली तसं, नीट आणि कायमचं. आता साठीला आल्यावर कोणी म्हणतंय, तेच चुकलं. आणि बरोबर कोणाचं? तर हिचं, जिला आपलं करपलेलंसुद्धा आवडतं.

मोहना पाठमोरी होती. तुवेरीचे दाणे, म्हणजे इथे ज्यांना लीलवा म्हणतात ते, भरडून तिने मिरची-आल्यावर परतले होते. कचोरीचं सारण कढईत वाफाळत होतं. तिने ऐकलं होतं सगळं. त्या घरात न ऐकणं शक्य नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं नाही, हे राजेश्वरीला बरं वाटलं आणि लागलंही.

"वहिनी, माझ्या कचोऱ्या तेलात गेल्या की तोंड उघडतात," मोहना म्हणाली. "सारण सगळं तेलात. तुमच्या कधी फुटत नाहीत. भरून द्याल?"

राजेश्वरीने हात धुतले. चिमूटभर सारण चाखलं. "साखर कमी आहे. लिंबू कुठेय?"

"मला तर मस्त लागलं!"

"तुला सगळंच मस्त लागतं."

"हो," मोहना म्हणाली. तिला त्यात टोमणा दिसला नाही, किंवा तिने दिसू दिला नाही.

राजेश्वरीने साखर घातली, लिंबू पिळलं, तीळ आणि खोबरं वाढवलं. पारीचं पीठ पुन्हा मळलं. रागाने मळलेलं पीठ चांगलं होतं. हेही मऊ, तुळतुळीत झालं. एकेक गोळा हातात घेऊन, पारीचं तोंड चिमटीत धरून, वरचं जादाचं पीठ खुडून तिने कचोऱ्या भरल्या. मंद आचेवर तळल्या. एकही फुटली नाही. मोहना बाजूला उभी राहून लहान मुलीसारखी कढईत बघत होती.

"काय रंग आलाय!" ती म्हणाली, आणि ताट भरून तिनेच ते बाहेर नेलं.

उदयसिंह गाडी लावून येऊन ओटल्यावर टेकला होता. आबांनी कचोरी उचलली, फुंकर घातली, चावा घेतला. वाफ बाहेर आली. त्यांनी डोळे मिटले.

"वा! वा वा! मोहना, ही तर—"

मोहनाचं तोंड उघडलं. "हो ना" तिच्या ओठांवर आलेलं राजेश्वरीला दाराच्या चौकटीतून स्पष्ट दिसलं. मोहनाला त्यात मुद्दाम काही लाटायचं नव्हतं. तिला सवयच तशी होती. समोर आलेली वाहवा ती नेहमीच घेत आली होती. रोटल्याची घेतली, पेरूची घेतली, तव्यावरच्या उंधियूचीसुद्धा.

"मी केल्यात," राजेश्वरी म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं.

पारी जरा जाड राहिली, हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. तेल थोडं जास्त तापलं, हेही. दोन्ही खरं होतं. तिने मोहनाकडे पाहिलं. मोहना अजून तोंड उघडं ठेवून उभी होती. वाहवा आपण नाही घेतली तर ही घेणार.

"मी केल्यात," राजेश्वरी पुन्हा म्हणाली, "आणि छान झाल्यात."

तिचा चेहरा लाल झाला. भर रस्त्यात डोक्यावरचा पदर उडून जावा, तसं तिला वाटलं. उदयसिंहने हातातली कचोरी खाली केली आणि बायकोकडे असा पाहत राहिला, की तिला त्याला चिमटा काढावासा वाटला.

"झाल्यातच!" आबा म्हणाले. "दे आणखी एक."

"तळलेलं आहे, आबा," तिच्या तोंडून निघालंच. मग तिने ताट पुढे केलं. "एकच."

आबांनी दुसरी खाल्ली. तिने स्वतःही एक घेतली, ओटल्यावर बसून, उन्हात. सारणाचा हिरवा गोडवा आणि मिरचीचा झटका एकदम जिभेवर आला. इतक्या वर्षांत तिने आपल्या हातची कचोरी गरम असताना खाल्ली नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली, थंड, फुटकी असेल ती खायची. ही खरोखर चांगली होती. तिने ती शांतपणे संपवली.

"चला आता घरी, आबा," ती म्हणाली. "तिकडेही करीन. तुम्ही म्हणाल ते म्हणा. मी गप्प बसेन."

"गप्प नको बसूस. गप्प तर मीच बसत होतो."

"बरं, बोलेन."

आबांनी गल्लीकडे पाहिलं, शेंगांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चल," ते म्हणाले. "बघू तरी बाथरूम कशी केलीस. मोहना, माझी पिशवी भरतेस?"

मोहना वर गेली. बराच वेळ वरून कपाटाचा आवाज आला, मग तोही थांबला. ती खाली आली तेव्हा एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्यात मोजे. डोळ्यांच्या कडा लाल.

"मोजे सापडत नव्हते," ती म्हणाली. मग एकदम हसत, पण त्या हसण्यात जीव नव्हता, "तुमचं बरं आहे, वहिनी. उदयदादा घरात, सगळी सोसायटी बाजूला. हे येणार शनिवारी. तोवर या घरात मी 'चहा कसा झालाय' म्हणून कोणाला विचारायचं? भिंतीला?"

राजेश्वरीने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. ओठ घट्ट, डोळे पिशवीवर, सगळं देताना काहीच देववत नाही असा. फक्त तो तिने आजवर दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. गरम पाण्याने पाय शेकल्यासारखं. मोहनाला तिचा हेवा वाटत होता. त्या सुखात ती घटकाभर तशीच उभी राहिली. मग मोहनाने खाली वाकून आबांच्या पायात मोजे चढवले, एकाची टाच वर आली, ती तिने सारखी केली, आणि राजेश्वरीला आपलं ते बरं वाटणं जरा कमी करावंसं वाटलं. पण जास्त नाही.

"रविवारी दोघं जेवायला या," ती म्हणाली.

"बघू," मोहना म्हणाली. अगदी राजेश्वरीसारखं.

"या राहिलेल्या शेंगा घेऊ का बरोबर?" आबांनी विचारलं. "तिकडे बसून सोलीन."

"नाही हं!" मोहनाने टोपली ओढून घेतली. "त्या इथेच राहणार. सोलायला परत यायचं तुम्ही. वहिनी, वाटलं तर बाजारातून तुमच्या वेगळ्या घ्या."

"घेईन," राजेश्वरी म्हणाली. "याहून चांगल्या घेईन."

"घ्याच!"

उदयसिंहने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पिशवी उचलून तो मुकाट्याने पुढे चालू लागला.

गाडीत आबा पुढे बसले, राजेश्वरी मागे. मांडवीपाशी गर्दीत गाडी अडली. आबा बाहेर बघत होते, मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मोहनाचा चहा मात्र..."

राजेश्वरी सरळ झाली. "मात्र काय?"

"काही नाही."

"बोला ना. अर्धवट काय ठेवता?"

"छान असतो."

आरशातून उदयसिंहचे डोळे तिच्याकडे आले आणि लगेच रस्त्याकडे गेले. राजेश्वरीने खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"असतो," ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला चहा करण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

गाडी सुटली. न्यायमंदिर मागे पडलं, सुरसागरचं पाणी उन्हात चमकत बाजूने गेलं. आबा ते बघत बसले. राजेश्वरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिला राहवेना. ती पुढच्या सीटवर हात ठेवून वाकली.

"आणि कचोऱ्या?"

"सांगितलं की मघाशी."

"परत सांगा," राजेश्वरी म्हणाली.